दुभाजकाला आणखी एक छेद द्यावा का?

महामार्गालगतच्या नव्या व्यापारी संकुलासमोर दुभाजकाला आणखी एक छेद दिला की कोंडी फुटेल, असे काही जण म्हणतात; ते मला अर्धेच पटते, कारण त्याच छेदातून वळणाऱ्या गाड्या पायी येणाऱ्याला आडव्या येतात. पादचारी सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरले, तर १४ मीटरचा चौपदरी रस्ता ओलांडायला त्याला सुमारे १२ सेकंद लागतात; हातात किराण्याची पिशवी असलेल्या वयस्कर बाईला त्याहून जास्त.

जळगावात आमच्या वसाहतीजवळच्या अशाच एका संकुलात रिक्षा फाटकाबाहेर सोडते आणि तिथून दारापर्यंत नुसता वाहनतळ आहे, झाडाची सावली नाही, पदपथही नाही. मे महिन्याच्या उन्हात तो फेरा नको म्हणून लोकांनी बाजूच्या मेंदीच्या कुंपणातून वाट पाडली. व्यवस्थापनाने तिथे तार ओढली, ती आठ दिवसांत वाकली. माझ्या मते फाटक त्याच जागी हवे होते, आणि तिथून दारापर्यंत आयआरसी १०३ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेत) सांगितलेला किमान १.८ मीटर मोकळा पदपथ. मालाच्या गाड्यांना मागचा रस्ता आहेच.