मदत हवी आहे: जानेवारी २००९ची ध्रुवीय तापवाढ, एमएलएसच्या विदेतून तारीख जुळत नाही

वातचक्र (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. उत्तर ध्रुवावरच्या स्थितांबरात जानेवारी २००९मध्ये जी अचानक तापवाढ झाली, म्हणजे एसएसडब्ल्यू, तिची तारीख, म्हणजे तिथला पश्चिमी वारा उलटला तो दिवस, ऑरा उपग्रहावरच्या एमएलएस या तापमान मोजणाऱ्या उपकरणाच्या विदेतून काढायची आहे. आवृत्ती ५, लेव्हल २, जानेवारी-फेब्रुवारीच्या सगळ्या फाइली उतरवल्या आहेत. पुढे हीच तारीख तिरुनेलवेली आणि अलिबाग इथल्या चुंबकीय नोंदींशी, म्हणजे विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेटशी (विषुववृत्तावर दिवसा आयनांबरात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाशी) ताडून पाहायची आहे.

पद्धत अशी: १० हेक्टोपास्कलला ६०° उत्तरेपलीकडची जेवढी प्रोफाइल (एका जागेवरची उंचीनुसार तापमानं) त्या दिवशी मिळतील त्यांची सरासरी घेतली. ती ५५°-६५° पट्ट्यातल्या सरासरी तापमानापेक्षा जास्त झाली की वारा उलटला असं धरलं.

अडचणी:
१. सगळीकडे तारीख २४ जानेवारी दिलेली असते, माझी काही दिवस आधीची येते.
२. पोलर कॅपची, म्हणजे ६०°पलीकडच्या भागाची, सरासरी पुनर्विश्लेषणातल्या (निरीक्षणं आणि हवामान प्रतिमान जुळवून केलेल्या विदेतल्या) आकड्यापेक्षा जास्त गरम दिसते, आणि ध्रुवाभोवतीच्या वाऱ्यांचा भोवरा दुभंगतो त्या दिवसांत हा फरक वाढतो.
३. काही दिवशी वरच्या पातळ्यांवर सरासरी एकदम साठ-सत्तर केल्विननं कोसळते.

शिवाय सेबरची (टाइम्ड उपग्रहावरच्या तापमान मोजणाऱ्या उपकरणाची) विदा जोडून काही फायदा आहे का?

---

उत्तररात्र

तिसऱ्याचं आधी, कारण ते सोपं आहे. एमएलएसमध्ये गहाळ मूल्याच्या जागी −९९९.९९ असतं. २५० केल्विनच्या एकोणीस प्रोफाइलमध्ये असा एक आकडा घुसला की सरासरी १८७.५ होते. तुमचे साठ-सत्तर केल्विन तिथेच गेले.

पण नुसतं ते काढून भागत नाही. चाळण्या चार आहेत. स्टेटस विषम असेल तर अख्खं प्रोफाइल टाकून द्या. प्रिसिजन शून्य किंवा ऋण असेल तर फक्त ती पातळी टाका. ऋण चिन्हाचा अर्थ असा की तिथे आधी गृहीत धरलेल्या तापमानाचंच वजन जास्त पडलंय. कन्व्हर्जन्स १.०३पेक्षा कमी हवा. क्वालिटी ८३ हेक्टोपास्कल आणि उंचीनं त्याच्या वर ०.२पेक्षा जास्त पुरते, १०० आणि उंचीनं त्याखाली मात्र ०.९पेक्षा जास्त लागते. हे उंबरठे आवृत्तीगणिक बदलू शकतात, तेव्हा आपल्या आवृत्तीच्या क्वालिटी डॉक्युमेंटशी एकदा पडताळून घ्या.

तापमानाच्या फाइलीत अ-प्रायोरी, म्हणजे त्या आधी गृहीत धरलेल्या, तापमानाचाही वेगळा गट असतो. लूप लावून 'टेंपरेचर' नावाचं जे सापडेल ते उचललंत तर तोही येईल. १० हेक्टोपास्कल पाहिजे असेल तर शून्यापासून मोजून २४ क्रमांकाची पातळी घ्या (१००० पासून दर दशकाला बारा), आणि प्रेशरचा रकाना छापून खात्री करा.

---

कॉरिऑलिसकाका

क्रमांक दोनचं मूळ कक्षेत आहे. ऑराची कक्षा साधारण ९८° कललेली, त्यामुळे एमएलएस ८२°च्या पुढे कधी जातच नाही आणि वळणाशी प्रोफाइलांची दाटी होते. दर फेरीत सुमारे २४० प्रोफाइल, म्हणजे कक्षेवर दर दीड अंशाला एक. त्यातली ६०° उत्तरेपलीकडे ३९च्या आसपास पडतात, आणि त्या ३९ पैकी १७ एकट्या ७५°-८२° या पट्ट्यात. म्हणजे ४४ टक्के. आता क्षेत्रफळ बघा: ६०° ते ८२° या भागात ७५°च्या पुढचा वाटा जेमतेम २० टक्के. तुम्ही ध्रुवाजवळच्या हवेला दुपटीहून जास्त मतं देताय. एरवी ते खपून जातं, पण तापवाढीत तापमानाचा ढाळ तीव्र असतो आणि नेमकी ध्रुवाकडची हवा तापते, म्हणून सरासरी फुगते.

प्रत्येक प्रोफाइलला अक्षांशाची कोसाइन लावली की झालं, असं पुष्कळजण समजतात. नाही होत. दाटी तशीच राहते, थोडी सौम्य होते इतकंच. आधी ५°च्या पट्ट्यांत वाटा, प्रत्येक पट्ट्याची सरासरी काढा, मग पट्ट्यांना क्षेत्रफळाचं वजन द्या (दोन्ही कडांच्या साइनमधला फरक). पट्ट्यातही रेखांशाचे ३०°चे कप्पे करून आधी त्यांची सरासरी घेतलीत तर उत्तम, म्हणजे एखादी फेरी गहाळ असली तरी दुभंगलेल्या भोवऱ्याचा एक तुकडा हिशोबातून निसटत नाही. ८२°च्या पुढचा भाग कॅपच्या ७ टक्क्यांएवढा आहे. तो भरू नका. पुनर्विश्लेषणाशी तुलना करताना तिकडचाही ८२°पर्यंतच कापा.

आता पहिला प्रश्न. तुम्ही वारा काढलेलाच नाही. तापमानाचा दक्षिणोत्तर ढाळ वाऱ्याचा वेग सांगत नाही, उंचीबरोबर तो वेग कसा बदलतो एवढंच सांगतो. ध्रुव गरम झाला की पश्चिमी वारे वर जाताना मंदावू लागतात. १० हेक्टोपास्कलला ते शून्याखाली जायला आणखी काही दिवस लागतात, कधीकधी जातही नाहीत. ढाळ उलटला पण वारा उलटला नाही तर ती किरकोळ तापवाढ. मोठी ठरवायची तर १० हेक्टोपास्कल, ६०° उत्तर, अक्षांशवर्तुळावरचा सरासरी वारा पूर्वेचा व्हायला हवा.

त्यासाठी जिओपोटेन्शियल हाइटची (ठरावीक दाबाची पातळी किती उंचीवर आहे त्याची), म्हणजे जीपीएचची वेगळी फाइल घ्या. चाळण्या त्याच. ५५° आणि ६५° भोवतीच्या पट्ट्यांची सरासरी उंची काढा, फरकाला दहानं भागून दर अंशाची घट मिळवा. ६०°ला दर अंशाला ५७ मीटर घट म्हणजे भूवर्ती वारा (जिओस्ट्रॉफिक, दाबाचा ढाळ आणि पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम समतोलात धरून काढलेला) सेकंदाला ४० मीटर. सोपा हिशोब: दर अंशाला १.४३ मीटरला सेकंदाला १ मीटर. दोन पट्ट्यांच्या फरकात ३० मीटरची चूक राहिली तर वाऱ्यात सेकंदाला २ मीटर चूक. शून्याजवळ तारीख एका दिवसानं हलायला तेवढी बस्स. सगळीकडे सारखाच असलेला बायस (एकाच बाजूची चूक) मात्र वजाबाकीत निघून जातो, त्याची काळजी नको.

वारा अक्षांशवर्तुळावरून वळत जातो त्या वक्रतेची दुरुस्तीही करा. भूवर्ती ४० आले तर खरा ग्रेडियंट वारा ३७ निघतो, ६० आले तर ५४. शून्यापाशी दोन्ही एकच, म्हणून तारीख बदलत नाही, पण आधीच्या आठवड्याचा आलेख उगाच उंच दिसतो.

---

वातचक्र

नीट कळलं. ६०° ऐवजी ६०°-८०° अशी वाऱ्याची सरासरी घेतली तर आलेख जास्त गुळगुळीत येईल का?

---

कॉरिऑलिसकाका

गुळगुळीत येईल आणि तारीख परत आधी सरकेल. ध्रुवाकडचा वारा ६०°च्या आधी उलटतो, आणि १ हेक्टोपास्कलचा १०च्या आधी. ६०° आणि १० हेक्टोपास्कल ही निव्वळ रूढी आहे, पण तुमची तारीख इतरांच्या यादीशी ताडायची तर रूढी पाळावी लागते. एमएलएसवरून २४च्या अलीकडे-पलीकडे एक दिवस आला तर समाधान माना.

---

पहाटतारा

सेबरबद्दल. टाइम्ड उपग्रह साधारण दर ६० दिवसांनी तोंड फिरवतो. उत्तरेकडे तोंड असताना ८३° उत्तर ते ५२° दक्षिण, दुसऱ्या वेळी नेमकं उलट. हिवाळ्यात उत्तरेची पाळी जानेवारीच्या मध्याला सुरू होते आणि मार्चच्या मध्यापर्यंत टिकते. २००९ची घटना त्यात बसते, वापरा. जानेवारी २०१३, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी मात्र वारा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उलटला. तेव्हा सेबर ५२°च्या उत्तरेला बघतच नव्हतं. लोक त्या दिवसांत रिकामी जागा बघून फाइल खराब आहे असं समजतात.

तुम्हाला सेबरचा खरा उपयोग फेब्रुवारीत होईल. तापवाढीनंतर स्थितांबराची जुनी वरची सीमा, म्हणजे स्ट्रॅटोपॉज, विस्कटून गेली आणि ७५-८० किलोमीटरवर नव्यानं तयार झाली. तिथे, ०.०१ हेक्टोपास्कलच्या आसपास, एमएलएस तापमानाचं उभं विभेदन (उंचीत वेगळा ओळखता येणारा सर्वांत पातळ थर) दहा किलोमीटरच्या पुढे जातं, त्यामुळे तो थर पसरट आणि खाली ओढल्यासारखा दिसतो. एमएलएसचाच कार्बन मोनॉक्साइड शेजारी ठेवा. मध्यांबरातून खाली उतरणारी हवा त्यात स्वच्छ दिसते.

जीपीएस रेडिओ ऑकल्टेशन (वातावरणातून वाकत येणाऱ्या जीपीएस लहरींवरून तापमान काढणं) घ्यायचं तर कॉस्मिक उपग्रहांची पहिली तुकडी, २००६ सालची. कॉस्मिक-२ नको: तिची कक्षा २४° कललेली, ध्रुवाच्या कामाची नाही.

---

उत्तररात्र

इलेक्ट्रोजेटविषयी एक. तिरुनेलवेलीच्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकातून अलिबागचा वजा करणं ठीक, फक्त दोन्हीकडची रात्रीची पातळी आधी काढून टाका आणि शांत चुंबकीय दिवसच घ्या. पण २४ जानेवारी हा शून्य दिवस धरून 'किती दिवसांनी परिणाम' असं मोजू नका. या काळात चांद्र भरती-ओहोटीचा अर्धदैनिक घटक वाढतो, आणि तो अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास जोर धरतो. २६ जानेवारी २००९ला अमावास्या होती, कंकणाकृती सूर्यग्रहणाचीच. म्हणजे तुमचे दोन-तीन दिवस वाऱ्याचे की चंद्राचे हे एका घटनेवरून सुटणार नाही. सकाळी वाढ आणि दुपारी प्रतिजेट (उलट दिशेचा प्रवाह) हा आकृतिबंध रोज सुमारे ५० मिनिटांनी उशिरा सरकतो का ते आधी तपासा. सरकत असेल तर आडव्या अक्षावर तारखेऐवजी चंद्राचं वय (अमावास्येपासूनचे दिवस) घ्या आणि २०१३, २०१९, २०२१ची वर्षं त्याच आलेखावर चढवा.