कर्मचाऱ्यांच्या इंटरनेट वापरावर नजर: नावनिहाय यादी न देता काम भागेल का?

नमस्कार.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. विभाग म्हणण्यासारखा विभाग नाही, मी एकटाच आहे. डिझाइन, खरेदी, हिशेब आणि स्टोअर मिळून 42 संगणक आहेत आणि ते सगळे पीएफसेन्स फायरवॉल (इंटरनेटच्या वेशीवरचा पहारेकरी) व त्यावरच्या स्क्विड प्रॉक्सीमधून (संकेतस्थळांची प्रत्येक मागणी पुढे पाठवून तिची नोंद ठेवणारा मध्यस्थ) बाहेर जातात.

गेल्या महिन्यात रोज दुपारी चारच्या सुमारास ग्राहकाला ड्रॉइंगच्या फायली पाठवताना लाइन रखडू लागली. मंडळी व्हिडिओ पाहत बसतात असा मालकांचा ग्रह झाला आणि कोण काय पाहतो याची नावनिहाय यादी दर सोमवारी टेबलावर हवी, असे त्यांनी सांगितले. मी तपासले तेव्हा घोळ वेगळाच निघाला. चहाच्या सुट्टीत सगळ्यांचे फोन चार्जिंगला लागत होते आणि कार्यालयाच्या वायफायवरून त्यांतल्या फोटोंचा बॅकअप आपोआप चढत होता, त्यामुळे अपलोडची बाजू भरून जात होती. फोनसाठी वेगळे व्हीलॅन (त्याच यंत्रणेतले स्वतंत्र आभासी जाळे) करून त्याला अपलोडची मर्यादा घातल्यावर फायली पूर्ववत जाऊ लागल्या. यादीची मागणी मात्र कायम आहे.

यादी काढणे अवघड नाही, हीच खरी अडचण आहे. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक रूपात जात असल्यामुळे, प्रॉक्सीला संकेतस्थळाचे फक्त नाव दिसते, आतले पान दिसत नाही. पण नुसते नावही पुष्कळ काही सांगून जाते. चाचणी म्हणून एका दिवसाचा लॉग (प्रॉक्सीने ठेवलेली नोंद) उघडला, तर 1 वाजून 12 मिनिटांनी, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, एका सहकाऱ्याच्या संगणकावरून वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या रुग्णालयाचे संकेतस्थळ उघडल्याची ओळ समोर आली. ती माझ्या नजरेस पडायला नको होती. पुढचे दोन दिवस त्यांच्याशी बोलताना मलाच अवघडल्यासारखे होत होते.

फायरवॉलच्या विक्रेत्याने तर प्रत्येक संगणकावर कंपनीचे रूट सर्टिफिकेट (ज्याच्यावर संगणक डोळे झाकून विश्वास ठेवतो असे प्रमाणपत्र) टाकून एचटीटीपीएसची वाहतूक मध्येच उलगडून पाहण्याचा उपाय सुचवला आहे. बँकेची संकेतस्थळे त्यातून काळजीपूर्वक वगळली नाहीत, तर हिशेब विभागाचे पासवर्डसुद्धा माझ्या यंत्रात उघडे पडतील. त्याला मी तयार नाही.

दुसरीकडे, लॉगच ठेवत नाही असे म्हणून सुटकाही नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे ते 180 दिवस जपावे लागतात, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम 7 नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा देते. त्यामुळे ‘हे बेकायदा आहे’ असे मालकांना सांगून हात झटकता येत नाहीत.

माझ्या मनात तोडगा असा आहे की, साप्ताहिक अहवालात फक्त विभागवार डेटा आणि संकेतस्थळांचे वर्ग द्यावेत, आणि लेखी तक्रार आली तरच मालक व मनुष्यबळ पाहणाऱ्या बाई या दोघांच्या सहीने मूळ लॉग उघडावा. स्क्विडमध्ये संगणकाचा आयपी पत्ता झाकणारी क्लायंट नेटमास्कची सोय आहे, पण ती लावली की पत्ता मूळ लॉगमध्येच झाकला जातो आणि गरज पडेल तेव्हा 180 दिवसांचा तो साठा निरुपयोगी ठरतो. मूळ लॉग कुलूपबंद ठेवून अहवालासाठी पत्ते झाकलेली दुसरी प्रत वेगळी निघेल, अशी मांडणी कोणी केली आहे का? केली असल्यास मूळ लॉगची किल्ली कोणाकडे ठेवलीत? ती माझ्याकडेच राहिली तर या साऱ्या खटाटोपाला फारसा अर्थ उरत नाही, असे मला वाटते.

आणखी एक विनंती आहे. आमच्या नेमणूकपत्रात देखरेखीची एक ओळ इंग्रजीत आहे, जी स्टोअरमधल्या कोणीही वाचलेली नाही. काय नोंदवले जाते, किती दिवस राहते आणि कोण पाहू शकते, हे सरळ मराठीत सांगणारी सूचना कोणी आपल्या कार्यालयात लावली असेल, तर तिचा मजकूर येथे द्यावा.