कॅम्पग्राउंडवर घोडा रात्री कुठे बांधायचा?

प्रश्न: आरव्हीच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) कडीला बांधला तर चालेल? शिवाय तिथलं पाणी तो तोंडाला लावत नाही.

उत्तर १: रात्रभर गाडीला नकोच. दोर जॅकमध्ये, चाकामागे गुंततो आणि घोडा बिथरतो. दोन झाडांमध्ये साधारण ७ फूट उंचीवर दोर ताणून बांधा आणि घोडा त्याला बांधा. झाडाला रुंद पट्टा लावा, नुसत्या दोराने साल सोलवटते. मोरखीचा (तोंडावरच्या पट्ट्यांचा) दोर नाक जमिनीला टेकेल एवढाच लांब. जास्त ढिला सोडला की पाय अडकलाच म्हणून समजा.

उत्तर २: दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागतं. निघण्याआधी काही दिवस घरीच पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घाला, तिथेही तोच. कोरडा चारा आणि पाणी कमी, की पोटशूळ!

उत्तर ३: प्रश्नाबाहेरचं, पण स्वार झाल्यावर १० मिनिटांनी तंग (खोगिराचा घोड्याखालून जाणारा पट्टा) पुन्हा आवळा. खोगीर चढवताना लबाड घोडे छाती फुगवतात.