एचआयव्हीच्या गोळ्या वेळेवर, तरी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) मिलिलिटरमागे १,०००च्या वर. काय तपासायचं?

प्रश्न: निवासगृहात रोज रात्री आठला गोळ्या देतो, रजिस्टरवर सही होते. तरी सहा आणि नऊ वर्षांच्या दोघांचा व्हायरल लोड वाढलाय. दोघं डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधावर. औषध बदलावं लागेल का?

उत्तर १: लगेच नाही. आधी वजन बघा, डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. १० मिग्रॅच्या विरघळणाऱ्या गोळ्या १४ किलोपासून अडीच. २० किलो भरले की ५० मिग्रॅची एक. मूल वाढतं, कार्डावरचा डोस मात्र तसाच राहतो. दर महिन्याला वजन करा.

उत्तर २: सही गोळी दिल्याची असते, पोटात गेल्याची नाही! विरघळवलेलं औषध अर्ध्या तासात संपवायचं. कपाच्या तळाशी पांढुरका थर उरतो. थोडं पाणी घालून हलवा आणि तेही पाजा. मोठ्या मुलांचं तोंड उघडून बघा.

उत्तर ३: लोह-कॅल्शियम सोबत देता का? रिकाम्या पोटी एकत्र दिलं तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. डोल्युटेग्राविर लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर द्या. जेवणाबरोबर एकत्र चालतं. रिफाम्पिसिन (टीबीचं औषध) चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं, डॉक्टरांशी बोला. आणि नऊ वर्षांच्या मुलाला गोळी कशाची ते सांगितलंय का? ‘ताकदीची गोळी’ म्हटलं की बरं वाटताच ती गादीखाली जाते.

प्रश्नकर्ता: लोह रात्रीच देतो, तेही जेवणाआधी. उद्यापासून वेळ बदलतो.

उत्तर १: मग तीन महिने नीट डोस, समुपदेशन आणि पुन्हा तपासणी. तेव्हाही वर राहिला तरच पुढचा विचार.