बॅग खांद्यावर, ट्रॉलीवर की कार्टमध्ये?

सात_आयर्न

नमस्कार मंडळी.

वय ५३, हँडिकॅप १७ (म्हणजे १८ होलला ठरल्यापेक्षा साधारण सतरा फटके जास्त लागतात). अकरा वर्षं गोल्फ खेळतोय आणि इतकी वर्षं बॅग स्वतःच्या खांद्यावरच वाहिली. आठवड्यातून एकदा १८ होल, त्यात खंड नाही. पण गेलं वर्षभर चौदाव्या होलच्या आसपास कमरेत उजवीकडे कळ यायला लागली आहे. तिथून पुढचे चार होल मी खेळत नाही, उरकतो. डॉक्टरांना दाखवलं. मणके ठीक आहेत, स्नायू दमतात म्हणाले. ओझं कमी करा, पण चालणं अजिबात सोडू नका, एवढंच सांगितलं.

आमच्या चौघांतले बाकीचे तिघं कार्ट (बसून फिरायची छोटी गाडी) घेतात. त्यांच्या आग्रहाखातर मीही सलग सहा राऊंड कार्टमधून खेळलो. कंबर शांत राहिली, पण स्कोअर दर वेळी पाच-सहाने वाढला, म्हणजे तेवढे फटके जास्त लागले. सुरुवातीला वाटलं, योगायोग असेल. मग आठव्या होलवर कारण कळलं.

आमचा आठवा होल पार चारचा, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा. दुसऱ्या फटक्याला मला साधारण १४० यार्ड उरतात. दिसायला फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा) सपाट आहे. चालत गेलं की चेंडूच्या तीसेक पावलं आधीपासून पोटऱ्या ताणायला लागतात, म्हणजे चढ सुरू झाला. डोळ्यांना तो दिसत नाही, पायांना कळतो. त्यामुळे इतकी वर्षं मी तिथे न चुकता सहाचं आयर्न काढत आलो (आयर्नचा आकडा लहान तसा चेंडू लांब जातो). कार्टमधून उतरलो, रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) लावला, १४० बघितले आणि सातचं काढलं. चेंडू होलच्या अलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. पुढच्या आठवड्यात तेच आयर्न आणि तोच बंकर.

दुसरं असं की चालत चेंडूपाशी पोचेपर्यंत माझा फटका डोक्यात तयार झालेला असतो. वारा गालाला लागलेला असतो, मागचा वाईट फटका मागे पडलेला असतो. कार्टमध्ये आधी सोबत्याच्या चेंडूकडे जायचं, तो मारेपर्यंत बसून राहायचं, मग माझ्याकडे यायचं, आणि उतरलं की लगेच मारायचं. खरं सांगू, कार्टमध्ये बसून खेळलेला मला खेळच वाटत नाही.

तर चालणं सुटू नये आणि कंबरही टिकावी, असं काही करता येईल का? कोणी केलंय का?

---

पायवाट

दादा, तुमच्या प्रश्नात चालणं आणि वाहणं एकत्र बांधलं गेलंय. आधी ते सोडवा. त्रास वाहण्याचा आहे, चालण्याचा नाही, हे तुमचे डॉक्टरच सांगतायत.

आज घरी गेल्यावर बॅग वजनकाट्यावर ठेवा. मी सात वर्षांपूर्वी ठेवली तेव्हा बसलोच. एक आयर्न चारशे ग्रॅमच्या आगेमागे असतं, ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) त्याहून हलका, पटर (चेंडू होलमध्ये ढकलायचा क्लब) थोडा जड. म्हणजे चौदा क्लब मिळून साडेपाच किलोच्या घरात. बाकीचं सगळं आपणच भरलेलं असतं. चेंडू ४६ ग्रॅमहून जड नसतो म्हणून आपण ते मोजतच नाही, पण दोन डझन चेंडू म्हणजे एक किलो झाला. एक लिटर पाणी म्हणजे आणखी एक किलो. छत्री, रेनकोट, ओला टॉवेल, जुने हातमोजे, कधीचे टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या). बॅग जुन्या पद्धतीची असेल तर तीच तीन-साडेतीन किलोची असते.

नियमात चौदा ही कमाल मर्यादा आहे, चौदा घ्यायलाच हवेत असं कुठेही म्हटलेलं नाही. मी अकरा नेतो. मागच्या दहा राऊंडमध्ये जो क्लब दोनदासुद्धा बाहेर आला नाही, तो घरी. माझं तीनचं आयर्न असंच घरी राहिलं. त्याची आठवण आली आहे, गरज अजून पडलेली नाही.

आता कळ एकाच बाजूला का येते, ते बघू. तुमच्या बॅगेला एकच पट्टा आहे का? असेल तर सगळा भार एका खांद्यावर येतो आणि तोल सांभाळायला कंबर विरुद्ध बाजूला कलते. ९ होल तिला ते निभावतं, १४ नाही. दुहेरी पट्ट्याची स्टँड बॅग (स्वतःच्या पायांवर उभी राहणारी) घ्या. पट्टे इतके आखूड करा की बॅग कमरेच्या जरा वर आडवी टेकेल. पार्श्वभागावर आपटत असेल तर पट्टे लांब आहेत. आणि उचलताना गुडघ्यांत वाका. अठरा होलमध्ये ही बॅग साठ-सत्तर वेळा तरी खाली ठेवून उचलतो आपण. माझ्या मते अर्धी कंबर तिथेच जाते.

हे करूनही कळ आली तर पुश ट्रॉली, म्हणजे बॅग ठेवून ढकलायची चाकांची गाडी. चालण्याचा फायदा जाईल अशी भीती नको. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आठ खेळाडूंवर एक मोजणी झाली होती. ९ होलमध्ये बॅग वाहताना सुमारे ७२१ कॅलरी खर्च झाल्या, ट्रॉली ढकलताना ७१८ आणि कार्टमध्ये ४११. आठच माणसं होती, तेव्हा आकड्यांना फार चिकटू नका. पण वाहणं आणि ढकलणं यांत जवळपास फरक पडला नाही, हे माझ्या अनुभवाशी जुळतं. त्याच मोजणीत सर्वांत चांगले स्कोअर ट्रॉलीवाल्यांचे होते आणि सर्वांत वाईट खांद्यावर वाहणाऱ्यांचे.

---

रानजाई

दादा, बाकी सगळं पटलं, पण ‘कार्टमध्ये बसून खेळलेला मला खेळच वाटत नाही’ हे वाक्य लागलं.

माझ्या डाव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. दोन वर्षं मी कोर्सवर पाऊल ठेवलं नव्हतं. ६२०० यार्डांचा कोर्स सरळ रेषेतच साडेपाच किलोमीटरच्या वर जातो, आणि सरळ रेषेत कोण चालतं? चेंडू शोधत, ग्रीनभोवती (होलजवळचं बारीक गवत) फिरत, पुढच्या टीपर्यंत (पुढच्या होलचा पहिला फटका मारायची जागा) जात आठ-नऊ किलोमीटर होतात. ते मला आता शक्य नाही. कार्ट आहे म्हणून मी आज खेळते. चेंडू मीच मारते, पट मीच करते.

केसी मार्टिन या अमेरिकन व्यावसायिक गोल्फपटूचा खटला तुम्हाला माहीत असेल. पायाच्या रक्ताभिसरणाच्या जन्मजात विकारामुळे त्याने कार्टची परवानगी मागितली, व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने नाकारली आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००१ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. न्यायालयाचं म्हणणं होतं की या खेळाचा गाभा फटका मारण्यात आहे, चालण्यात नाही. आणि कार्ट असूनही त्याला प्रत्येक राऊंडला मैलाहून जास्त चालावंच लागायचं.

तुमचा स्कोअर का वाढला, तेही सांगते. कार्टमधून कसं खेळायचं, हेही शिकावं लागतं. मी चेंडूच्या थेट शेजारी कार्ट नेत नाही. पंचवीस-तीस पावलं मागे थांबवते आणि तेवढं चालते. तुम्ही पोटऱ्यांबद्दल लिहिलंत ना, तो चढ तेवढ्या चालण्यातही कळतो. कार्ट रस्त्यावरच ठेवायची सक्ती असते त्या दिवशी तीन क्लब आणि पटर हातात घेऊनच निघते. नाहीतर चेंडूपाशी पोचल्यावर कळतं की हवा होता तो क्लब कार्टमध्येच राहिला. मग जा परत. आणि सोबती मारत असताना मी बसून राहत नाही, उतरून उभी राहते. बसून आखडलेल्या कमरेने थेट स्विंग केला की खांदे वळत नाहीत, नुसते हात जातात.

---

सात_आयर्न

रानजाईताई, चुकलं माझं. मी माझ्यापुरतं लिहिलं होतं, पण वाक्य सगळ्यांना लागू होईल असं झालं. तीस पावलं आधी थांबण्याची गोष्ट मला सुचलीच नव्हती. आमच्या चौघांतल्या एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याला आजच सांगतो.

पायवाट, बॅग तोलली. १४ किलो भरली! तेवीस चेंडू, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या, रेनकोटाचा जोड. बाजूच्या कप्प्यात मुलाचं जुनं स्वेटर सापडलं. तो आठवीत असताना माझ्याबरोबर यायचा, आता नोकरीला लागलाय. म्हणजे इतकी वर्षं ते माझ्याबरोबर फिरत होतं. पट्टा एकच, उजव्या खांद्यावर. तीन क्लब, सतरा चेंडू, एक बाटली, रेनकोट आणि किरकोळ सटरफटर काढलं, तर १० किलोवर आली. स्वेटर घरात ठेवलं आहे.

ट्रॉली कशी बघून घ्यावी?

---

हिरवळ

मी आठ वर्षं ट्रॉली वापरतो. ढकलायची घ्या, ओढायची नको. ओढताना एक हात सतत मागे राहतो आणि खांदा पिळला जातो. तुमच्या कमरेला ते मुळीच चालणार नाही. तीन चाकी घ्या. हँडल बेंबीच्या उंचीला आणा, त्याहून खाली असेल तर वाकून चालाल.

ब्रेक हाताजवळ आहे ना, हे दुकानातच बघा. उतारावर ट्रॉली सोडताना ब्रेक लावायचाच, शिवाय चाकं उताराला आडवी ठेवायची. माझी एकदा तळ्यात गेली आहे.

ट्रॉली ग्रीनवर नको, ग्रीन आणि बंकर यांच्यामधूनही नको. पट करायला जाण्याआधी ती पुढच्या टीच्या बाजूला नेऊन ठेवा, म्हणजे मागचे लोक खोळंबत नाहीत. चेंडू चुकून आपल्याच ट्रॉलीला लागला तर पूर्वी एक फटका दंड होता, २०१९ च्या नियमांपासून तो नाही.

---

सात_आयर्न

पाच आठवड्यांनी परत लिहितोय. तीन चाकी ट्रॉली घेतली, बॅग १० किलोचीच ठेवली. पाच राऊंड झाले. पहिल्या राऊंडला सोळाव्या होलवर थोडी कळ आली, नंतरच्या चारांत नाही. स्कोअर पूर्वीच्या जागी आलाय, त्याहून चांगला झालेला नाही. आठव्या होलवर पोटऱ्यांनी सांगितलं, सहाचं आयर्न काढलं, चेंडू ग्रीनच्या मधोमध.

एक अडचण राहिली आहे. बाराव्या होलच्या टीवरून मोठा उतार आहे, शंभरेक पावलांचा. तिथे ट्रॉली पुढे पळते आणि मला ती दोन्ही हातांनी मागे खेचावी लागते, म्हणजे पुन्हा कंबरच. गवत ओलं असलं की जास्तच. हिरवळ, तुम्ही अशा ठिकाणी ब्रेक अर्धवट दाबून उतरता, की ट्रॉली आपल्या मागे घेता?