सहा हजार मीटर खाली माणूस कशाला धाडायचा?

बेंचवाला, भोसरी

मुद्दा आधीच मांडतो. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयओटी, 'मत्स्य ६०००' नावाची पाणबुडी तयार करते आहे. तिच्यातून तीन माणसं ६००० मीटर खोल उतरणार आहेत. खोल समुद्राचा शोध हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा विरोध माणूस खाली नेण्याला आहे. तोच पैसा आणि तीच माणसं बिनमाणसांच्या यानांवर लावावीत.

मी हे बातमी वाचून लिहीत नाही. बावीस वर्षं हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या टेस्ट बेंचवर उभा आहे. मागच्या पावसाळ्यात एक ब्लॉक चढवला, ३५० बार दाब दिला, गेजची सुई स्थिर. दोन मिनिटांनी सुई केसाएवढी मागे आली. बाहेर एक थेंब नाही. सगळा खोलला, ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) काढली, खाचेतून नख फिरवलं तेव्हा ओरखडा लागला. डोळ्यांना तो दिसतच नव्हता.

६००० मीटरवर साधारण ६०० बार दाब असतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सहाशे किलो, म्हणजे एक धष्टपुष्ट म्हैस. आणि असा दाब २.१ मीटर व्यासाच्या अख्ख्या गोळ्यावर, सगळ्या बाजूंनी, तासन्‌तास. बेंचवर मला सुई मागे येताना दिसते, मी पंप बंद करतो. तिथे तेवढा वेळ मिळत नाही. जून २०२३ मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली 'टायटन' पाच जणांसह अशीच चिरडली.

दुसरी बाजू बघा. २०१४ मध्ये अमेरिकेचं 'नेरियस' हे यान न्यूझीलंडजवळच्या कर्माडेक गर्तेत सुमारे ९९०० मीटरवर फुटलं. यान गेलं, शास्त्रज्ञ जहाजावर सुखरूप होते. आणि आपल्याकडे काय कमी आहे? एनआयओटीच्याच 'ओएमई ६०००' या स्वयंचलित यानाने डिसेंबर २०२४ मध्ये हिंदी महासागरात ४५०० मीटरवर तळातून गरम पाणी सोडणाऱ्या झऱ्याचे फोटो काढले. आत कोणी बसलेलं नव्हतं.

दगडवेडी, कोथरूड

पूर्णपणे असहमत, तरी बेंचचा अनुभव वाचून अंगावर काटा आला.

मी भूशास्त्र शिकवते. दरवर्षी पोरांना वाघोलीच्या खाणींत नेते. तिथे बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅव्हन्साइटचे निळेभोर खडे सापडतात, जगभरातले संग्राहक त्यासाठी वाघोलीचं नाव घेतात. पोरं आधी मोबाइलवर भिंतीचे फोटो काढतात. फोटोत सगळी भिंत सारखीच काळी. मग एखादी पोरगी गुडघ्यावर बसते, मान तिरकी करते, आणि आतल्या फटीत निळा ठिपका चमकतो. तो कुठे असेल हे आधी माहीत नसतं, म्हणून कॅमेरा कुठे वळवायचा हेही सांगता येत नाही. समुद्राचा तळही आपल्या वेताळ टेकडीसारखा बेसाल्टचाच आहे. फक्त तिथे गुडघ्यावर बसायला कोणी नाही.

१९७७ साली गॅलापागोसजवळ अडीच हजार मीटरवर 'अल्विन' पाणबुडी उतरली तेव्हा आतल्या भूशास्त्रज्ञांना गरम झऱ्यांभोवती शिंपल्यांची दाट वस्ती दिसली. सूर्यप्रकाशाचा कण नाही आणि जीवांचा बाजार भरलेला! हायड्रोजन सल्फाइडवर जगणारे जिवाणू हा त्या वस्तीचा पाया निघाला, आणि सगळं अन्न शेवटी उन्हातून येतं ही समजूत तिथे मोडली. मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. नमुने टिकवायला जहाजावर होती ती व्होडका वापरली. कोणी काहीच अपेक्षिलेलं नसताना हे सापडलं, हे महत्त्वाचं.

आणखी एक. पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो, म्हणजे ६००० मीटरवरून निरोप वर यायला चार सेकंद, आणि त्यावरून धड व्हिडिओ पाठवता येत नाही. स्वयंचलित यान जे शिकवून धाडलंय तेच बघून येणार. केबल लावली तर चित्र दिसतं, पण मग सहा किलोमीटरचं ओझं वागवत फिरायचं.

बेंचवाला, भोसरी

ताई, वाघोलीचं पटलं. पण १९७७ ची अर्धीच गोष्ट सांगितलीत. अल्विनच्या आधी 'अँगस' नावाचा कॅमेरा लावलेला पोलादी सांगाडा केबलने ओढत तळावरून फिरवला होता. पाण्याचं तापमान क्षणभर चढलं ते त्याने नोंदलं, आणि नेमके त्याच वेळचे फोटो शिंपल्यांनी भरलेले निघाले. माणसं कुठे उतरायचं ते त्या सांगाड्याने दाखवलं. पहिला शोध यंत्राचाच.

कात्रजकर

दोघांनाही एकच विचारतो. जून २०२१ मध्ये केंद्राने, ही पाणबुडी ज्यात येते त्या डीप ओशन मिशनला पाच वर्षांसाठी ४०७७ कोटी मंजूर केले. इथे एका पावसात आमच्या चौकात गुडघाभर पाणी साचतं. आधी ते बघा, मग सहा हजार मीटर खालचं.

पाषाणरस्ता

कात्रजकर, त्या पावसाचा अंदाज समुद्रातूनच येतो. आमच्या पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्थेत मान्सूनची जी मॉडेलं चालतात त्यांत महासागराचं तापमान भरावं लागतं. त्यातलं बरंचसं 'आर्गो' फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेली स्वयंचलित तरंगती उपकरणं, देतात. दर दहा दिवसांनी २००० मीटर खाली जाऊन वर यायचं, येताना तापमान आणि क्षार मोजायचे आणि उपग्रहाला कळवायचं, एवढंच त्यांचं काम. ४०७७ कोटी एकट्या पाणबुडीचेही नाहीत. हवामानबदलाच्या सेवा, जैवविविधता, खनिजं अशी सहा अंगं आहेत त्यात.

चौकातलं पाणी हा गटारांचा प्रश्न आहे, तो महापालिकेला विचारायलाच हवा. पण तिकडचे पैसे तोडून इकडची गटारं होत नाहीत.

रत्नागिरीचा, सध्या वारज्यात

खाली माणूस जातो की यंत्र, यावर तुम्ही भांडताय. मला भीती वेगळीच आहे, हे सगळे तिथे कशासाठी जातायत त्याची.

मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाने भारताला शोधासाठी दिला आहे. महाराष्ट्राचा जवळजवळ चौथा हिस्सा. तळावर मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं असलेले गोटे पसरलेत, ते गोळा करायचे आहेत. 'वराह' नावाचं रांगतं यंत्र २०२१ मध्ये ५२७० मीटरवर चालवूनही पाहिलं. हा गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. एकदा उचलला की गेला.

१९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळ चार हजार मीटरवर मुद्दाम तळ नांगरून पाहिला, काय होतं ते कळावं म्हणून. २६ वर्षांनी, २०१५ मध्ये, परत गेले तर नांगराचे चर तसेच होते आणि तिथलं जीवन पूर्ववत झालेलं नव्हतं. माझं घर मासेमारी करणारं आहे. ट्रॉलरने घासलेला तळ कसा होतो ते आमच्या जाळ्यात काय येतं त्यावरून कळतं. ट्रॉलर निदान मागे हटवता येतो. इथे परत गोटे कोण पेरणार?

दगडवेडी, कोथरूड

रत्नागिरीकर, तुमची भीती अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच मला घाई आहे. कापलेला गोटा मी हातात घेतलाय. बटाट्याएवढा, दिसतो त्यापेक्षा हलका, बोटांना काळी पूड लागते. आत कांद्यासारखे थर, आणि मधोमध कधी शार्कच्या दाताचा तुकडा. चिखलाच्या त्या तळावर कडक जागा म्हणजे हेच गोटे, त्यांना चिकटून जगणारे जीव दुसरीकडे जाणार कुठे?

२०२५ च्या एका अभ्यासानुसार खोल तळाचा ०.००१ टक्क्याहूनही कमी भाग माणसाने डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने पाहिला आहे. जास्तीत जास्त ३८२३ चौरस किलोमीटर, पुणे जिल्ह्याचा पाव भागसुद्धा नाही. न पाहिलेल्या जागेची बाजू घेऊन खाणवाल्यांशी भांडायचं कसं? तिथे जाऊन आलेली माणसं आपल्याकडे हवीत. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या 'नॉटील' पाणबुडीतून आपला एक जण अटलांटिकमध्ये ५००२ मीटरपर्यंत गेला. ते दुसऱ्याच्या पाणबुडीतून.

बेंचवाले, अँगसचा मुद्दा मान्य. पण टायटनचं शरीर कार्बन फायबरचं होतं, 'मत्स्य'चा गोळा ८० मिलिमीटर जाड टायटॅनियम मिश्रधातूचा आहे. अल्विन १९६४ पासून चालू आहे, पाच हजारांहून जास्त डुबक्या झाल्या आणि आत बसलेलं एकही माणूस दगावलं नाही.

बेंचवाला, भोसरी

अल्विनचा हिशेब मला माहीत होता, मुद्दामच लिहिला नव्हता. ते चुकलं. कार्बन फायबरची आणि टायटॅनियमची तुलनाही नको होती करायला, दोघांचं तुटणं वेगळं.

१९६० मध्ये 'ट्रिएस्ट' मरियाना गर्तेच्या तळाला टेकली, तेव्हा तिचं लोखंडी छऱ्यांचं वजन विद्युतचुंबकाने धरलेलं होतं. वीज गेली की चुंबक सुटणार, छरे आपोआप खाली पडणार आणि पाणबुडी वर येणार. अशी रचना करणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम करायला मिळालं असतं तर मी पगार विचारला नसता.

तरी माझं मत बदललेलं नाही. १२ तासांच्या फेरीतले निम्म्याहून जास्त तास खाली-वर करण्यातच जातात, तेवढ्या बघण्यासाठी तीन जीव टांगणीला नकोत. पण जायचंच ठरलं असेल तर माझी एक अट आहे. आम्ही नवा ब्लॉक कामाच्या दीडपट दाबावर घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही. हा गोळाही माणूस बसण्याआधी पूर्ण खोलीवर रिकामा जाऊन यावा, एकदा नाही, पुन्हापुन्हा, आणि दर वेळी प्रत्येक सील खोलून बघावं. तारीख पुढे गेली तर जाऊ दे.

दगडवेडी, कोथरूड

या अटीवर माझी सही. फक्त रिकाम्या गोळ्याच्या खिडकीला आतून एक कॅमेरा लावा, ती डुबकी वाया नको.