मदत हवी आहे: रबाळे एमआयडीसीत क्यूसीच्या मुलाखतीला काय घालू?

नमस्कार मंडळी,

येत्या गुरुवारी सकाळी ११ वाजता रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत माझी मुलाखत आहे. पद क्यूसी केमिस्टचं, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासायचं. अभ्यास झालाय, सिस्टिम सुटेबिलिटीपासून (चाचणीआधी यंत्रणा नीट चालतेय ना ते बघणं) ओओएसपर्यंत (निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर जाणं) सगळं पुन्हा नजरेखालून घातलंय, त्याची भीती नाही. अडलंय ते कपड्यांवर. घरात रोज नवं मत निघतंय, म्हणून शेवटी इथे विचारते.

माझं वय ३९. एमएस्सी ॲनालिटिकल केमिस्ट्री. आठ वर्षं एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, काम केलं, मग मुलगी झाली, पाठोपाठ सासऱ्यांचं आजारपण, आणि बघता बघता सात वर्षं घरात गेली. राहायला कळव्याला. आधीची नोकरी नुसत्या टेस्टिंग लॅबमध्ये होती. सँपल कुरिअरने यायची, आम्ही कुर्त्यावर ॲप्रन चढवून कामाला लागायचो. प्रॉडक्शन फ्लोअर मी आजवर पाहिलेला नाही. आता आलेल्या मेलमध्ये 'मुलाखतीनंतर प्लांट राउंड' असं लिहिलंय, आणि तिथेच माझं घोडं अडलंय.

गेल्या महिन्यात वागळे इस्टेटला एक मुलाखत दिली, तिचा अनुभव सांगते म्हणजे मी एवढी का विचारात पडलेय ते कळेल. फिका पिस्ता रंगाचा कुर्ता, सलवार आणि जॉर्जेटची ओढणी घालून गेले होते. ठाणे स्टेशनबाहेर पाऊस असा कोसळत होता की छत्री असून सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. फिक्या रंगावर ओलं कुठपर्यंत चढलंय याची सरळ रेघ दिसत होती. आत एसी. ओढणी खांद्यावर ठरेना, दर दोन मिनिटांनी घसरायची. त्यांनी विचारलं, टेलिंग फॅक्टर (आलेखातल्या शिखराची शेपटी किती लांबलीय त्याचं माप) २ च्या वर गेला तर काय काय बघाल? हे मी झोपेतही सांगेन. कॉलम (घटक वेगळे करणारी नळी), मोबाइल फेजचा (तिच्यातून वाहणाऱ्या द्रावणाचा) पीएच, सँपल जास्त तर गेलं नाही ना... पण माझा एक हात ओढणीवर आणि लक्ष पायाला चिकटलेल्या कापडावर. कॉलम बदलेन, एवढंच बोलले. घरी येऊन खूप रडले. येत नव्हतं म्हणून नापास झाले असते तर इतकं लागलं नसतं.

म्हणून यावेळी मला असे कपडे हवेत जे अंगात घातल्यावर आठवणारच नाहीत.

सासूबाई म्हणतात कॉटनची साडी नेस, वयाला आणि पदाला शोभेल. त्यांचं चुकत नाही, साडीत मला स्वतःलाही बरं वाटतं. पण कळव्याहून ठाणे, तिथे पूल चढून दहा नंबरला, मग ट्रान्स हार्बरने दिघा गाव, ऐरोली, रबाळे, आणि पुढे शेअर रिक्षा. जुलैत हे सगळं साडी सांभाळत? नवरा म्हणतो शर्ट-ट्राउझर घाल. माझ्याकडे नेव्ही ब्लू टेरिकॉटची एक ट्राउझर आहे, अकरा वर्षांपूर्वी नौपाड्यात शिवून घेतलेली. कापड अजून उत्तम, पण कमरेत दीड इंच कमी पडते. भाची म्हणते नवीन ब्लेझर घे. बजेट सगळं मिळून अडीच हजार, त्यात बूटही घ्यायचेत.

आणि मंगळसूत्र, टिकली, बांगड्या यांचं काय करू? प्लांटमध्ये चालत नाहीत एवढं ऐकून आहे. घरूनच काढून जाऊ की तिथे सांगतील तेव्हा काढू? घरात हा विषय काढायलाही अवघड वाटतंय. औषध कंपनीत काम करणाऱ्यांनी जरूर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी तुर्भ्याला फार्मातच क्यूएमध्ये (गुणवत्तेची हमी बघणाऱ्या विभागात) आहे, त्यामुळे डोळ्यासमोर आहे ते सांगते.

साडी या मुलाखतीला नको. शोभण्याचा प्रश्नच नाही, प्रश्न चेंज रूमचा आहे. तिथे मध्ये एक आडवा कट्टा असतो, क्रॉसओव्हर बेंच. अलीकडे बाहेरचे बूट काढायचे, कट्ट्यावर बसून पाय पलीकडे टाकायचे आणि पलीकडची कंपनीची पादत्राणं घालायची. बाहेरचा पाय पलीकडच्या जमिनीला टेकता कामा नये. हे साडीत करून बघा घरी, लगेच कळेल. वरून गाऊन घातला तरी निऱ्या खाली लोंबतात. ओढणीचंही तेच. आणि ओढणी घसरू नये म्हणून सेफ्टी पिना लावायचा विचार असेल तर तोही सोडा. सुटी पिन आत नेणं म्हणजे आमच्या दृष्टीने गोळ्यांच्या ढिगात धातूचा तुकडा पडायची सोय.

टिकली, बांगड्या, कानातलं, अंगठी, मनगटाचा लाल धागा, सगळं आत जाण्याआधी काढायला लावतात. यात आपल्या रीतीभातींबद्दल कुणाला काही म्हणायचं नसतं. चिकटवायची टिकली घामाने सुटते आणि कुठे पडली ते सापडत नाही, काचेची बांगडी फुटली तर अख्खी बॅच बाजूला ठेवावी लागते. कारण एवढंच. घरात असंच सांगा, पटेल. काचेच्या बांगड्या मात्र घरीच ठेवा, त्या घाईत निघत नाहीत. मंगळसूत्र घालून जा, मुलाखतीत कुणी काही बोलणार नाही, प्लांटच्या दारात काढा. पर्समध्ये एक छोटी डबी असू द्या. नेलपॉलिश आदल्या रात्रीच काढा. परफ्यूम नको, पावडरही बेताने.

शर्ट-ट्राउझर उत्तम. शर्ट नको वाटत असेल तर गुडघ्याच्या वर थांबणारा सुती कुर्ता आणि खाली ट्राउझर. टेरिकॉटची काळजी करू नका. रोज सॉल्व्हंट हाताळताना सुती कपडे बरे, सिंथेटिकवर स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, जमतं, पण त्या दिवशी तुम्ही काही हाताळणार नाही. उलट टेरिकॉट झटकन वाळतं. ब्लेझरचे पैसे वाचवा. आमच्याकडे मुलाखत घेणारेच अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलेले असतात.

टाचेचे बूट मुळीच नकोत. एपॉक्सीची फरशी ओली झाली की फार घसरते.

प्रतिसाद

नवीन ट्राउझर घेण्याआधी जुनी उलटी करून बघा. माझ्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं, म्हणून सांगतो. शिंप्याने शिवलेल्या ट्राउझरच्या मागच्या मधल्या शिवणीत माया ठेवलेली असते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना इंचभर कापड दुमडलेलं दिसलं तर प्रत्येक बाजूने पाऊण इंच सोडता येतं, म्हणजे तुमचा दीड इंच निघाला. कमरपट्टीही तिथेच जोडलेली असते, ती पण सैल करायला सांगा. जुन्या टाक्यांच्या भोकांची रेघ राहते, तिच्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवा आणि ब्रशने हलकेच घासा, बरीच बुजते. वर कुर्ता येणार असेल तर तसंही कुणाला दिसणार नाही. रेडीमेड ट्राउझरमध्ये मात्र ही माया फारशी नसते, म्हणून जुनं शिवलेलं टाकू नये.

प्रतिसाद

मी ऐरोलीहून रोज त्याच रस्त्याने जातो. शेअर रिक्षात शक्यतो मधली जागा घ्या, कडेला बसलं की खड्ड्यातलं पाणी मांडीवर येतं. बूट पिशवीत न्या, प्रवास रबरी सँडलवर करा आणि कंपनीच्या गेटवर बदला. हातरुमाल नव्हे, चांगला छोटा टॉवेल न्या. आणि मोज्यांचा दुसरा जोड. ओल्या मोज्यांवर कोरडे बूट चढवून काही उपयोग नाही. शिवाय क्रॉसओव्हर बेंचपाशी बूट काढायचे म्हणजे मोजे सगळ्यांना दिसणारच.

प्रतिसाद

वरचं सगळं वाचलं, तरी मला सुचवावंसं वाटतं की साडीत ज्यांना आत्मविश्वास वाटतो त्यांनी तो असा सोडू नये. मी सव्वीस वर्षं शाळेत साडीवरच नोकरी केली, ठाण्याच्या पावसातच केली. पण प्लांटमधल्या कट्ट्याची गोष्ट मला माहीत नव्हती. त्यामुळे बाळ, तू ट्राउझरच घाल. फक्त आदल्या दिवशी ते कपडे घालून घरात तासभर काम कर, मुलीला जेवायला वाढ. कुठे ओढतंय, कुठे टोचतंय ते तेव्हाच कळतं. शुभेच्छा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुम्ही सांगितलं तसं परवा संध्याकाळी कपडे घालून पोळ्या केल्या. कुर्त्याची काखेतली शिवण हात वर केला की ओढत होती, ती उसवून घेतली.

ट्राउझरमध्ये माया निघाली! कळवा स्टेशनजवळ मशीन घेऊन बसणाऱ्या दादांनी ८० रुपयांत सोडून दिली. शिवण उसवल्यावर आतली पट्टी दिसली, अगदी गडद निळी, दुकानातून आणलेल्या दिवसासारखी. बाहेरचं कापड इतकं विटलंय हे मला एवढ्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं. आता मागे बोटभर रुंदीची गडद रेघ आहे, कुर्त्याखाली झाकली जाते. साडेसहाशेचा करड्या निळ्या रंगाचा सुती कुर्ता घेतला, ओढणी नाही. बूट काळे, चपटे, पुढून बंद. सगळं मिळून अठराशेच्या आत बसलं. सासूबाईंना टिकलीचं आणि काचेचं कारण सांगितलं. त्यांनी स्वतःच्या कुंकवाच्या पेटीतली चांदीची छोटी डबी काढून दिली.

धागाकर्ती, शुक्रवार

काल मुलाखत झाली. पाऊस होताच. गेटवर वॉचमनच्या केबिनशेजारी उभं राहून पाय पुसले, मोजे बदलले, बूट घातले. पाच मिनिटं लागली. वॉचमनकाकांनी न मागता खुर्ची दिली.

आत चाळीस मिनिटं बोलणं झालं. एक क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) पुढे ठेवला आणि यात काय खटकतंय विचारलं. एका पीकची (आलेखातल्या शिखराची) बेसलाइन, म्हणजे खालची रेघ, हाताने ओढलेली होती, बाकीच्यांची नाही. ते दाखवलं, अशा मॅन्युअल इंटिग्रेशनचं (हाताने रेघ ओढून केलेल्या मोजणीचं) कारण नोंदवलेलं आहे का तेही विचारलं. सात वर्षांच्या खंडाबद्दल विचारलं, जसं होतं तसं सांगितलं. त्या चाळीस मिनिटांत अंगावर काय घातलंय हे एकदाही मनात आलं नाही.

प्लांट राउंडला अगदी तोच कट्टा होता. माझ्या आधी आत गेलेली एक मुलगी लांब अनारकलीत होती, तिला घेर गोळा करून पलीकडे जावं लागलं, बिचारी फार अवघडली. निकाल दहा दिवसांत कळवतो म्हणालेत.

पुढे कुणी हा धागा वाचत असेल तर एक सांगून ठेवते. काढलेल्या वस्तूंसाठी तिथे लॉकर मिळतो, पण किल्ली एकच आणि ती राउंडला सोबत आलेल्या कंपनीच्या माणसाकडे राहते. त्यामुळे डबी घरूनच न्या, आणि काढलेली टिकली डबीच्या झाकणाला आतून चिकटवा. बाहेर आल्यावर आरसा शोधत बसावं लागत नाही, लॉकरच्या दारालाच असतो.